मोठी इटालियन गाडी आणि तिची मागची सीट

वाचकाचे पत्र, थोडक्यात : निपाणी परिसरातील एक वाचक लिहितात की त्यांचे वय ५२ असून लेथ आणि मिलिंगची कामे करणारा त्यांचा लहानसा कारखाना आहे. वडिलांच्या राजदूतवर ते गाडी शिकले, आणि गेली एकवीस वर्षे ३५० सीसीची बुलेट चालवतात. मुलगी सासरी गेली, मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि कारखान्याचे कर्ज मागच्या वर्षी फिटले. आता पुण्यातील एका गृहस्थांची २०१९ सालची डुकाटी मल्टिस्ट्राडा १२६० त्यांना साडेअकरा लाखांना मिळते आहे. गाडी फक्त ११ हजार किलोमीटर चालली आहे. पत्नीला मागे घेऊन गोकर्ण, हंपी आणि पुढेमागे कन्याकुमारी करावी अशी त्यांची इच्छा आहे. मात्र मोठ्या इटालियन गाड्यांच्या मालकांचे अनुभव ऐकून ते गोंधळले आहेत. बंगळूरचे एक मालक म्हणतात की ५० हजार किलोमीटर झाले तरी काही त्रास नाही. सांगलीकडच्या दुसऱ्या एका मालकांनी, ज्यांची गाडी वेगळ्या कंपनीची पण इटालियनच आहे, ती दोन वर्षांत विकून टाकली. मुलगा म्हणतो जपानी गाडी घ्या, मित्र म्हणतात हा पांढरा हत्ती आहे, आणि पत्नी एवढेच म्हणते की तुमचं तुम्ही ठरवा. कर्नाटकातला कर वाचावा म्हणून गाडी कोल्हापूरच्या दाजींच्या नावावर, महाराष्ट्र पासिंगलाच ठेवावी असेही त्यांच्या मनात आहे. कोणाचे खरे मानावे, आणि गाडी घ्यावी की नाही, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले, कारण आठ वर्षांपूर्वी अशीच एक मोठी इटालियन गाडी घेताना माझीही अवस्था तुमच्यासारखीच होती. ती गाडी अजून बेळगावात माझ्या टिळकवाडीच्या घरासमोर उभी आहे. तिने मला चोर्ल्याच्या घाटातल्या पहाटा दिल्या आणि एका सेन्सरची वाट पाहत काढलेला एक अख्खा श्रावणही दिला. तिच्या कंपनीचे नाव मी येथे मुद्दाम घेत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही.

तुम्ही विचारता की बंगळूरच्या मालकांचे खरे मानावे की सांगलीच्या. माझ्या मते दोघेही खरे बोलत आहेत, आणि दोघांच्याही बोलण्यात गाडीपेक्षा त्यांचे स्वतःचे राहणेच अधिक उतरले आहे. बंगळूरच्या गृहस्थांचे सर्व्हिस सेंटर त्यांच्या शहरातच आहे. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर ते संध्याकाळी ऑफिसातून परतताना गाडी तिथे सोडतात आणि दोन दिवसांनी घेऊन येतात, म्हणून ती घटना त्यांच्या लेखी ‘त्रास’ ठरतच नाही. सांगलीच्या गृहस्थांना तोच दिवा लागला तर आधी टेम्पो शोधावा लागतो, गाडी बांधून पाठवावी लागते, सुटा भाग येईपर्यंत फोन करत राहावे लागते, आणि तेवढ्यात पावसाळा संपून जातो. बिघाड एकच असला तरी कार्यशाळेच्या अंतरामुळे एकाला तो आठवतसुद्धा नाही आणि दुसऱ्याची गाडी विकली जाते. म्हणून यापुढे कोणत्याही मालकाला ‘गाडी कशी आहे?’ असे विचारू नका. गाडी शेवटची बंद पडली ती कुठे, तिला कोणी हलवले, किती दिवस ती उभी राहिली, आणि तेवढे दिवस तुमच्याकडे दुसरे वाहन होते का, हे विचारा. या चार उत्तरांतून निपाणीला राहणाऱ्या माणसाला जे हवे ते कळेल.

‘इटालियन गाडी नाजूक असते’ हे गृहीतकही थोडे तपासून पाहू. आपल्या भागात इटालियन कुळातल्या गाड्या नवीन नाहीत. बजाजने १९६० च्या दशकात पियाजिओच्या परवान्याखाली व्हेस्पा स्कूटर बनवली, आणि तुमच्या-माझ्या वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी मास्तरांनी आणि कारकुनांनी त्यांच्या स्कूटरवर अख्खी नोकरी काढली. खानापूरच्या बाजारात भाजी घेऊन येणारी आपे रिक्षाही त्याच कुळातली आहे, आणि ती बारामतीला तयार होते. आपे नाजूक आहे असे कोणी म्हणत नाही, कारण तिला उघडून बसवणारा फिटर प्रत्येक नाक्यावर आहे आणि तिची क्लच प्लेट कुठल्याही दुकानात मिळते. ‘इटालियन’ हा शब्द मोघम आहे. कोमो सरोवराकाठच्या मंदेल्लो देल लारिओ या गावी १९२१ पासून असलेल्या मोटो गुझ्झीने अनेक दशके हवेने थंड होणारे दोन सिलिंडरांचे इंजिन आणि चेनऐवजी शाफ्ट अशी रचना जपली. तिचे सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असल्यामुळे साधी हत्यारे घेऊन रस्त्याकडेलाही तिचे व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातल्या झडपा, जुळवता येत असत. बोलोन्याच्या डुकाटीचा मार्ग अगदी वेगळा आहे. देश एक आहे एवढ्यावरून दोन्ही गाड्यांचा स्वभाव एकच ठरवणे म्हणजे पावसाळी चंदगडच्या आणि कोरड्या अथणीच्या शेताला एकच बियाणे सुचवण्यासारखे होईल.

आता तुम्ही पाहिलेल्या गाडीकडे येतो. मल्टिस्ट्राडा या शब्दाचा अर्थच ‘अनेक रस्ते’ असा आहे, आणि २००३ पासून या नावाच्या गाड्या निघत आहेत. १२६० मध्ये १२६२ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन असून त्याची शक्ती १५८ अश्वशक्ती आहे. तुमची बुलेट सुमारे २० अश्वशक्तीची आहे, म्हणजे हा फरक जवळजवळ आठपट होतो. डुकाटीच्या या इंजिनात व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद होत नाहीत. उघडायला एक आणि बंद करायला दुसरी अशी स्वतंत्र दांडी असते, त्याला डेस्मोड्रोमिक रचना म्हणतात. फाबिओ तालिओनी या अभियंत्याने १९५६ मध्ये ती डुकाटीच्या शर्यतीच्या गाडीत आणली. तुम्ही स्वतः मायक्रोमीटर हाती धरणारे आहात, म्हणून हे लगेच तुमच्या ध्यानात येईल : प्रत्येक व्हॉल्व्हला उघडण्याची फट वेगळी मोजायची आणि बंद होण्याचीही वेगळी, म्हणजे काम दुप्पट आणि चुकीला वाव नाही. या गाडीत हे काम ३० हजार किलोमीटरला येते. तुमची गाडी ११ हजारांवर आहे, म्हणून तुम्हाला वाटते की ते अजून फार लांब आहे.

येथेच मला तुमचे दुसरे गृहीतक थांबवून पाहावेसे वाटते. ‘फक्त ११ हजार किलोमीटर’ हे शब्द तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहेत आणि दोन्ही वेळा आनंदाने लिहिले आहेत. इतक्या वर्षांत एवढेच चाललेली गाडी बहुतेक काळ उभी होती, आणि उभ्या गाडीचे वय किलोमीटरच्या काट्यावर दिसत नाही. या इंजिनाचे कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारे दंड, दातेरी रबरी पट्ट्यांवर फिरतात. रबर चालून जितके झिजते तितकेच नुसते पडून वाळते, म्हणूनच कंपनी अशा पट्ट्यांना किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा घालते आणि जी आधी भरेल ती मानायची असते. ही पट्टी चालत्या इंजिनात तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग साडेअकरा लाखांच्या गाडीचे इंजिन उघडून टेबलावर मांडावे लागते. म्हणून विक्रेत्यांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा : पट्ट्या शेवटच्या कधी बदलल्या, आणि त्याची पावती आहे का? पावती नसेल तर पट्ट्या बदललेल्याच नाहीत असे धरून किंमत ठरवा. टायरवर चार आकड्यांची तारीख असते. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. तिथे २३१९ असे दिसले तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि त्याची नक्षी कितीही कोरी दिसली तरी तो बदलण्याचा खर्च तुमच्याकडेच येणार. ब्रेकचे तेल, कूलंट, बॅटरी, पुढच्या शॉकअपचे सील या सगळ्यांना हाच न्याय लावा. २५ हजार किलोमीटर चाललेली आणि दर वर्षी सर्व्हिसिंगची नोंद असलेली गाडी मला या गाडीपेक्षा अधिक भरवशाची वाटेल.

गाडी पाहायला जाल तेव्हा आदल्या रात्री फोन करून ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे आवर्जून सांगा, कारण गरम करून ठेवलेले इंजिन बरेच काही लपवते. दोन्ही चाव्या आहेत का पाहा, कारण ही गाडी खिशातल्या चावीच्या संदेशावर सुरू होते आणि हरवलेल्या चावीचा खर्च साध्या कुलपासारखा नसतो. चासी नंबर घेऊन पुण्याच्या अधिकृत केंद्रात तिची सर्व्हिस नोंद तपासा, कंपनीने परत बोलावून करायची काही दुरुस्ती राहिली आहे का तेही विचारा, आणि पट्ट्या, टायर, द्रव बदलून गाडी पूर्ण तयार करण्याचा लेखी अंदाज घ्या. तो आकडा हाती आल्याखेरीज विसार देऊ नका. त्याशिवाय, गाडीच्या किमतीच्या सुमारे पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळ्या खात्यात बाजूला ठेवता येत असेल तरच हा व्यवहार करा, असे मी स्पष्ट सांगतो. कारखान्याचे कर्ज नुकतेच फिटले आहे, आणि गाडीच्या दुरुस्तीसाठी कामगारांच्या पगाराच्या खात्याला हात लागू नये.

आता अंतराचा हिशेब. निपाणीहून पुणे सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे, बंगळूर त्याच्या दुप्पट. तुमच्या कामातून महिन्याला दोन रविवार मोकळे मिळतात असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे वर्षाला गाडी पाच-सहा हजार किलोमीटर चालेल. हिचे नेहमीचे सर्व्हिसिंग १५ हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल त्याला असते, त्यामुळे तुमच्या बाबतीत ते वर्षाला एकदाच येईल. वर्षातून एकदा मुलाच्या घरी दोन रात्री राहायला जायचे आणि त्या दोन दिवसांत गाडी केंद्रात ठेवायची, एवढे जमले तर पुण्याचे अंतर ओझे राहणार नाही. त्यासाठी तारीख मात्र महिनाभर आधी ठरवा आणि कोणकोणते सुटे भाग लागतील ते केंद्राला आधीच मागवून ठेवायला सांगा. माझा श्रावण ज्या सेन्सरपायी गेला, तो भाग मी गाडी केंद्रात पोहोचल्यावर मागवला होता, आणि पहिले आठ दिवस तर कोणीच मागवला नव्हता असे पुढे कळले. मी रोज फोन केला असता तर तो आधी आला असता का, हे मला सांगता येणार नाही, पण मी पहिल्या आठवड्यात एकही फोन केला नाही ही माझी चूक होती.

तुमच्या हातातली कला येथे उपयोगी पडेल, तिची मर्यादाही लिहितो. या गाडीचे मागचे चाक एकाच बाजूच्या भुजेवर असून एका मोठ्या नटावर बसलेले आहे. तो उघडायला खास मापाचे मोठे सॉकेट आणि लांब टॉर्क रेंच लागतो, जो संकेश्वरच्या किंवा हत्तरगीच्या पंक्चरवाल्याकडे नसणार. असे सॉकेट तुम्ही स्वतः लेथवर करू शकाल, नाहीतर आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत चांगल्या पोलादातून करून मिळेल. अर्थात टायर ट्यूबलेस असल्यामुळे साधे पंक्चर चाक न काढताच काढता येते, त्यासाठी पंक्चर बुजवायच्या पट्ट्यांचा संच आणि बॅटरीवर चालणारा लहान पंप सीटखाली कायम ठेवा. चेनला तेल देणे, तिचा ताण पाहणे, ब्रेक पॅडची जाडी मोजणे, एअर फिल्टर पाहणे, बॅटरीला पावसाळ्यात देखभाल चार्जर लावून ठेवणे, ही कामे घरी करा आणि आनंदाने करा. व्हॉल्व्ह, पट्ट्या आणि इलेक्ट्रॉनिक्सला मात्र हात लावू नका. ‘मी ०.०१ मिलिमीटरचे काम रोज करतो’ ही भावना मी समजू शकतो, पण ज्या पुस्तिकेशिवाय आणि ज्या संगणकाशिवाय ते काम पुरे होत नाही, ती दोन्ही तुमच्याकडे नाहीत.

आणखी एक पर्याय तुम्ही विचारात घेतलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. डुकाटीने २०२० च्या शेवटी आणलेल्या मल्टिस्ट्राडा व्ही४ मध्ये डेस्मो रचना सोडून दिली, व्हॉल्व्हला साध्या स्प्रिंगा लावल्या आणि कॅमशाफ्टला पट्ट्यांऐवजी चेन दिली. त्यामुळे तिच्यात व्हॉल्व्हची तपासणी ६० हजार किलोमीटरवर गेली. डेस्मो रचनेसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने लांब फिरणाऱ्यांसाठी ती बाजूला ठेवली, यावरून दूरच्या मालकांना काय जाचत होते याची कल्पना येते. १२६० च्या मागच्या सिलिंडरची उष्णता गर्दीत सीटखाली आणि उजव्या मांडीला जाणवते, व्ही४ मध्ये गाडी थांबलेली असताना मागचे दोन सिलिंडर आपोआप बंद होतात. एप्रिलच्या दुपारी खडे बाजारातून एकदा जाऊन आलेल्या माणसाला याचे मोल सांगावे लागत नाही. व्ही४ तुमच्या अंदाजपत्रकाबाहेर आहे हे मी जाणतो. तरी तुम्हाला घाई नसेल, तर दोन-तीन वर्षे थांबून जुनी व्ही४ घेणे हा चांगला मार्ग आहे. तुमच्या मुलाचे जपानी गाडीचे म्हणणेही खोटे नाही. चेन, टायर आणि तेल यांपलीकडे काही पाहायचे नसेल तर त्याचे ऐका. पण तुमच्या पत्रात त्या गाडीच्या आवाजाबद्दल सहा ओळी आहेत आणि जपानी गाडीबद्दल अर्धी. मनात नसलेली गाडी घेऊन माणूस ती चालवत नाही, नुसती पुसत बसतो.

दाजींच्या नावाबद्दल मात्र मी ठाम आहे : हे करू नका. आपल्या सीमाभागात अर्ध्या घरांत एखादी तरी गाडी पलीकडच्या पाहुण्यांच्या नावावर असते, त्यामुळे यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवले तर येथील नवीन नोंदणी क्रमांक घ्यावाच लागतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की मालक-चालकासाठीचे १५ लाखांचे सक्तीचे अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकाला मिळते. गाडी दाजींच्या नावावर आणि हॅन्डल तुमच्या हातात, अशा वेळी काही बरेवाईट घडले तर वहिनींच्या हाती त्यातले काही येणार नाही. शिवाय तुमच्या हातून दुसऱ्या कोणाला इजा झाली तर भरपाईच्या दाव्यात मालक म्हणून दाजींना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. सरळ मार्गाने जा. विक्रेत्यांकडून पुण्याच्या आरटीओचा ना-हरकत दाखला घ्या, गाडीवर कर्ज होते का आणि असल्यास ते उतरवल्याची नोंद आहे का पाहा, चिक्कोडीला आजीवन कर भरून केए २३ पासिंग करून घ्या, आणि विक्रेत्यांना त्यांच्याकडील उरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो हे सांगून तेवढी किंमत कमी करायला सांगा. विमा तुमच्या नावावर करण्यासाठी कायद्याने १४ दिवस दिले आहेत, ते चुकवू नका. कराचा आकडा आधीच आरटीओत विचारून घ्या आणि तो साडेअकरा लाखांत मिळवा. त्यानंतर तुम्हाला जी किंमत दिसेल तीच या गाडीची खरी किंमत.

आता वहिनींविषयी. तुम्ही लिहिता की ‘तिची हरकत नाही, ती म्हणते तुमचं तुम्ही ठरवा’. तुमच्या पत्रात पुढे एका ओळीत असेही आहे की गाडीचा फोटो पाहून त्यांनी ‘मागे पाय कुठे ठेवायचे?’ असे विचारले आणि तुम्ही हसलात. मला वाटते की तुमच्या सगळ्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता, आणि तो अजून अनुत्तरित आहे. या गाडीची पुढची सीट ८२५ ते ८४५ मिलिमीटर उंच आहे आणि मागची त्याहून उंच. दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या म्हणजे पाय त्यांच्यावरून उचलून घ्यावा लागतो. गुडघे दुखत असतील तर वहिनींना हे रोज चार-सहा वेळा करता येईल का, हे तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही.

माझा एक प्रसंग सांगतो. गाडी घेऊन दोन महिने झाले होते. जांबोटीच्या पुढे एका देवळासमोर बारीक खडीच्या उतारावर मी गाडी वळवत होतो, पत्नी मागेच बसलेली होती. डावा पाय टेकला, खडीवर सरकला, आणि सामानासह तीनशे किलोच्या आसपासचे ते धूड हळूहळू, अगदी हळूहळू, डावीकडे कलले. थांबलेली गाडी पडायला लागली की ताकद कामाला येत नाही. पत्नी उडी मारून बाजूला झाली, तिच्या मनगटाला खरचटले, क्लचची दांडी मधोमध तुटली. भाताच्या रोपांच्या पेंढ्या घेऊन चाललेल्या तिघांनी गाडी उभी करून दिली. त्यांतला एक म्हातारा पत्नीला म्हणाला, ‘ताई, आधी तुमी उतरायचं, मग त्यांनी वळवायची.’ त्यानंतर महिनाभर ती गाडीवर बसली नाही, आणि का बसत नाही हे मी विचारलेही नाही, कारण मला वाटले होते की ती घाबरली आहे. पुढे एकदा जेवताना ती म्हणाली की मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही, फक्त हेल्मेटची मागची बाजू दिसते, आणि खड्डा येणार आहे हे त्याला खड्डा आल्यावर कळते. तेव्हापासून आमच्या दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलण्याचे यंत्र आहे, ‘ब्रेकर आला’ असे मी आधी सांगतो, आणि वळवायच्या आधी ती उतरते. दर ऐंशी-नव्वद किलोमीटरला आम्ही थांबतो. तो नियम तिने घातला आणि माझ्या कंबरेलाही तो मानवला.

म्हणून विक्रेत्यांकडे एकटे जाऊ नका. वहिनींना घेऊन जा, पेट्या लावलेल्या गाडीवर त्यांना पाच वेळा चढउतार करू द्या, आणि मागे बसवून किमान तीस-चाळीस किलोमीटरची फेरी मारा. त्यांच्यासाठी मापाचे जाकीट, घोट्यापर्यंत येणारे बूट आणि पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट यांचा खर्च गाडीच्या किमतीत धरा. जर त्यांनी स्पष्ट नको म्हटले, तर हे लक्षात घ्या की तुम्ही जी गाडी निवडली आहे ती मुख्यतः दोघांसाठी बनलेली आहे, आणि एकट्याला घाटरस्ते फिरायला याहून हलकी, स्वस्त आणि जवळ दुरुस्त होणारी गाडी अधिक शोभेल.

चालवण्याबद्दल थोडेच लिहितो, कारण तुम्ही मुरलेले चालक आहात. तरी बुलेटवरचे एकवीस वर्षांचे सराव या गाडीवर काही बाबतीत घातक ठरतात. बुलेटवर ट्रकला ओलांडताना मूठ पूर्ण पिळायची सवय हाताला असते, येथे तेवढ्यात तुम्ही पुढच्या ट्रकच्याही मागे जाऊन पोहोचता. या गाडीत अर्बन नावाचा मोड आहे, त्यात शक्ती १०० अश्वशक्तीपर्यंत मर्यादित होते. पहिले दोन हजार किलोमीटर त्याच मोडमध्ये चालवा आणि त्यात कमीपणा मानू नका. ऊस तोडणीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून शिमग्यापर्यंत, संध्याकाळी सातनंतर निपाणी-संकेश्वर-चिक्कोडी पट्ट्यात ही गाडी बाहेर काढू नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय समोर येतो तेव्हा अंतर मोजायला वेळ मिळत नाही, आणि चाकांखाली चिरडलेल्या उसाच्या चिपाडांवर रुंद टायरसुद्धा घसरतो. पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेला तांबड्या चिखलाची साय डांबरावर आलेली असते. तिथे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा तुम्हाला मदत करील, पण वळणात शिरण्याआधीचा वेग तुम्हालाच कमी करावा लागतो.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर पट्ट्यांची पावती किंवा तेवढी सूट, केए पासिंगसह एकूण आकडा, वेगळी ठेवलेली रक्कम आणि वहिनींची फेरी या चार गोष्टी जमल्या तर तुम्ही गाडी घ्यावी. तुमचे हात यंत्राला ओळखतात, मुलगा पुण्यात आहे, आणि बुलेट तुम्ही विकणार नाही असे लिहिले आहे, म्हणजे मोठी गाडी केंद्रात अडकली तरी तुमचा रविवार जाणार नाही. सांगलीच्या मालकांकडे यांतले काय काय नव्हते, ते त्यांना एकदा फोन करून विचारा. बुलेट मात्र खरोखरच विकू नका.

येत्या रविवारी पुण्याला जाणार असाल तर शनिवारीच मुलाकडे मुक्कामाला जा आणि सकाळी लवकर, इंजिन थंड असताना, विक्रेत्यांच्या दारात पोहोचा. वहिनींना सोबत घ्या. आणि मला पुढचे पत्र लिहाल तेव्हा, पाय कुठे ठेवायचे या प्रश्नाचे त्यांना काय उत्तर मिळाले, ते त्यांच्याच शब्दांत कळवा.